वसईचा दुभाष्या : संत गोन्सालो गार्सिया



दरवर्षी ६ फेब्रुवारीला पवित्र मिस्सामध्ये आपण संत पॉल मिकी आणि त्यांचे सोबती यांचे स्मरण करतो. वेदीवरून नाव घेतले जाते ते एकच. बाकीचे पंचवीस जण ‘सोबती’ या एका शब्दात येतात. त्या पंचवीस जणांतला एक आपल्या अगदी शेजारचा आहे. बोरीवलीहून विरार लोकल पकडली की दहिसर, मीरा रोड, भाईंदर, मग खाडीचा पूल, नायगाव आणि वसई रोड. अर्ध्या तासात आपण त्यांच्या गावी पोहोचतो. आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी घरांचे आजोळ वा सोयरीक त्या गावात आहे. तरीही संत गोन्सालो गार्सिया कोण, असे विचारले तर ‘वसईचे संत, जपानमध्ये मारले गेले’ यापुढे आपली गाडी फारशी जात नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

आधी त्यांच्या गावाविषयी. फ्रान्समध्ये शार्त्र, रॅंस अशी काही जुनी शहरे आहेत, जी त्यांच्या कथीड्रलमुळेच जगाला ठाऊक आहेत. शहर लहान, कथीड्रल मोठे. सोळाव्या शतकातली वसई आपल्या भागात काहीशी तशीच होती. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. त्याच तहात साष्टी आणि मुंबईची बेटेही गेली. म्हणजे आपली बोरीवली, तेव्हाची भातशेती, ताडमाड आणि लहानलहान गावे, सगळी वसईच्या अमलाखाली आली. वसईहूनच फ्रान्सिस्कन धर्मगुरू फादर आंतोनियो दो पोर्तो इकडे आले आणि मंडपेश्वरच्या शिवाच्या लेण्यात व त्याच्या माथ्यावर चर्च, मठ आणि शाळा उभी राहिली. लेण्यावरच्या पडक्या भिंती आपण येताजाता पाहतो, त्या त्या काळच्या.

वसईच्या किल्ल्यात समुद्राकडे पाहणारे संत जोसेफचे मंदिर आहे. आता छप्पर नाही, पण मनोरा उभा आहे. त्याला सगळे कथीड्रल म्हणतात. खरे तर कथीड्रल म्हणजे जिथे बिशपांचे आसन असते ते मंदिर, आणि वसईत तेव्हा बिशप नव्हते. वसई गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखाली होती. पण किल्ल्यातल्या मंदिरांत हे मुख्य, म्हणून मान कथीड्रलचा. १५४६ च्या सुमारास ते प्रथम बांधले गेले आणि १६०१ साली, आर्चबिशप आलेशो दी मेनेझिस यांच्या काळात, मोठे करून पुन्हा उभारले गेले. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन, अगुस्तिनियन अशा सगळ्या संघांचे मठ आणि मंदिरे त्याच तटबंदीच्या आत होती. पोर्तुगालचे खानदानी लोक तिथे वाडे बांधून राहत. नावाआधी ‘दों’ लावणाऱ्यांची गर्दी इतकी, की वसईला लोक ‘दों बसाईं’ म्हणत. थोडक्यात, दिमाखाचे गाव.

या गावात १५५६ किंवा १५५७ साली गोन्सालोचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली, आपल्या कोकणपट्टीची. वडिलांच्या भाषेत राज्यकारभार आणि आईच्या भाषेत बाजार, विहीर, शेत. असे दोन्हीकडचे बोलणे त्या मुलाच्या कानावर लहानपणापासून पडले असणार. किल्ल्यात येशूसंघीयांचे विद्यालय होते. संत फ्रान्सिस झेविअर स्वतः वसईला येऊन गेले होते आणि १५४८ मध्ये त्यांनी इथल्या कामाला माणूस नेमून दिला होता. त्या शाळेत गोन्सालो शिकला. पुढे त्याच्या आयुष्यात जे जे घडले त्याचे मूळ या दोन गोष्टींत आहे, असे मला वाटते : दोन भाषांचे घर, आणि झेविअरांच्या माणसांची शाळा.

झेविअर १५४९ साली जपानला गेले होते. त्यांच्यामागून येशूसंघीय धर्मगुरू तिकडे जात राहिले. १५७२ च्या सुमारास, वसईतल्या त्याच्या गुरूंबरोबर गोन्सालोही निघाला. वय पंधरा-सोळा. म्हणजे आपल्याकडे दहावीला बसणारा मुलगा. गोवा, मलाक्का, मकाव करीत वाऱ्याच्या हवाली जहाज जायचे, आणि एक मोसम चुकला तर सहा-सहा महिने बंदरात अडकून पडायचे. त्या आईने मुलाला कसे जाऊ दिले असेल, हे कुठे लिहिलेले नाही. तो पुन्हा वसईला आल्याचेही लिहिलेले नाही.

जपानमध्ये गोन्सालोने भाषा शिकून घेतली, आणि अशी शिकला की बाहेरून आलेल्या माणसांत त्याच्याइतकी चांगली जपानी बोलणारे थोडेच होते. जपानी भाषेत क्रियापद आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते. आपल्या माणसाला तिथे थोडा हात मिळत असावा. पण कोणाशी कोणत्या मानाने बोलायचे याचे नियम फार कडक. चूक झाली तर अर्थ कळतो, पण अपमान होतो. सुमारे आठ वर्षे गोन्सालो धर्मशिक्षक म्हणून धर्मगुरूंबरोबर फिरला. शिकवणे, भाषांतर करणे, लोकांचे म्हणणे धर्मगुरूंना आणि धर्मगुरूंचे म्हणणे लोकांना सांगणे.

त्यांची इच्छा येशूसंघात प्रवेश मिळावा ही होती. ती पूर्ण झाली नाही. त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्यांना, विशेषतः इथल्या आईच्या पोटी जन्मलेल्यांना, संघात घेण्यास वरिष्ठ फारसे तयार नसत, आणि याचाच अडसर गोन्सालोंना झाला असे अभ्यासक मानतात. गंमत पाहा, जपानी तरुणांना त्याच संघात त्याच वेळी घेतले जात होते. पुढे पॉल मिकींनाही घेतले गेले. हे इथे लिहिणे काहींना आवडणार नाही. पण संतांची चरित्रे साखरेत घोळून सांगितली की त्यांतला माणूस हरवतो. ज्या गावात सगळ्या संघांची मंदिरे भिंतीला भिंत लावून उभी होती, त्या गावच्या मुलाला त्यांतल्या एकाच्या दारात आठ वर्षे थांबावे लागले आणि दार उघडले नाही, हे खरे आहे.

ते निघाले आणि व्यापारात पडले. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, स्वभाव गोड होता. धंद्यात जम बसला. पूर्वेकडच्या बंदरांतून मालाची ने-आण करून त्यांनी चांगला पैसा केला. असा माणूस पुढे सुखात राहिला असता आणि त्याचे नाव आपल्याला कळलेही नसते. पण व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपिन्समध्ये मनिलाला गेले आणि तिथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कनांशी पडली. अनवाणी चालणारे, भिक्षेवर जगणारे, रोग्यांची सेवा करणारे हे साधू होते. गोन्सालोंनी धंदा सोडला आणि १५८८ च्या सुमारास ते फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर झाले. धर्मगुरू नाही, साधे ब्रदर. स्वयंपाकघर, दार, आजारी माणसे आणि पडेल ते काम.

इकडे जपानमध्ये हवा बदलली होती. तोयोतोमी हिदेयोशी हा शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला शिपाई तलवारीच्या आणि डोक्याच्या बळावर साऱ्या देशाचा धनी झाला होता. १५८७ साली त्याने परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला. हुकूम निघाला, पण पोर्तुगीज जहाजांचा व्यापार त्याला हवा होता, म्हणून अंमल ढिला राहिला. येशूसंघीय तिथेच राहिले, पण आवाज न करता, लोकांच्या डोळ्यांवर न येता काम करू लागले. त्यातच पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ मध्ये जपानचे काम येशूसंघाकडेच राहावे असे ठरवून दिले होते. फ्रान्सिस्कनांना तिकडे जाण्याची वाट बंद होती.

ती वाट राजकारणाने उघडली. हिदेयोशीने फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे मांडलिकत्व मागितले. त्याला उत्तर द्यायला गव्हर्नरने १५९३ साली वकील म्हणून पाठवले ते फ्रान्सिस्कन धर्मगुरू फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना. सोबत तीन फ्रान्सिस्कन, आणि त्यांतले एक ब्रदर गोन्सालो. कारण बोलणार कोण? फादर पेद्रोंना जपानी येत नव्हते.

भेट झाली ती क्यूशू बेटावरच्या नगोया येथे. आजचे मोठे नगोया शहर ते नव्हे. हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली होती आणि तिची छावणी समुद्रकाठी या गावात होती. दरबाराचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. एका बाजूला जपानचा सर्वेसर्वा, दुसऱ्या बाजूला ठिगळांच्या झग्यातले चार अनवाणी साधू. मांडलिक व्हा, नाहीतर सैन्य पाठवतो, असा त्याचा रोख. होकार देण्याचा अधिकार साधूंना नव्हता, आणि नकार दिला तर जीव जाणार. या सगळ्यातला प्रत्येक शब्द वसईच्या एका माणसाच्या तोंडून जात होता. दुभाष्याचे काम लोकांना सोपे वाटते. कठोर बोलणे जसेच्या तसे सांगितले तर भडका, आणि फार मऊ केले तर ती फसवणूक. शेवटी मैत्रीचा करार व्हावा, मनिलाहून उत्तर येईपर्यंत साधूंनी जपानातच राहावे, असे ठरले. हिदेयोशीने पुढे त्यांना राजधानी कियोतोत राहण्यास जागाही दिली.

१५९४ साली कियोतोत त्यांचे लहान चर्च आणि मठ तयार झाला. त्याच्या जवळच त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी दोन रुग्णालये उघडली. एकाला नाव संत आन्नाचे, दुसऱ्याला संत जोसेफचे. कुष्ठरोगी तेव्हा तिथेही, आपल्याकडल्यासारखेच, रस्त्यावर टाकलेले असत. फ्रान्सिस्कन त्यांना आणत, त्यांचे पाय धूत, जखमा बांधत. शहरातले बडे लोक हे पाहून चकित होत आणि गरीब लोक येऊन ऐकत बसत. ऐकत बसत म्हणजे गोन्सालोंना ऐकत, कारण बाकीच्यांची जपानी अजून कच्ची होती. दोन-अडीच वर्षे असे चालले.

येशूसंघीयांना मात्र धास्ती होती. हुकूम मागे घेतलेला नाही, हिदेयोशीचा राग कधी उसळेल सांगता येत नाही, आणि हे नवे साधू उघड्यावर मिस्सा करतात, घंटा वाजवतात, हे त्यांना बेजबाबदारपणाचे वाटे. फ्रान्सिस्कनांना वाटे की हे लोक भिऊन गप्प बसले आहेत. दोन्ही बाजूंनी पत्रे गेली, तक्रारी गेल्या. एकच प्रभू, एकच मिस्सा, आणि भांडण. आपल्याकडेही मंडळा-मंडळांत असे होते, तेव्हा फार दूरचे उदाहरण वाटायला नको. या दोन्ही घरांत राहिलेला, दोघांनाही आतून ओळखणारा माणूस म्हणजे ब्रदर गोन्सालो.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ नावाचे मोठे स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोला जाताना वादळात सापडले आणि जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागून फुटले. माल अफाट होता. हिदेयोशीच्या माणसांनी तो जप्त केला. जहाजावरच्या एका खलाशाने स्पेनच्या राजाची बढाई मारताना, आधी धर्मगुरू जातात आणि मागून सैन्य येते, अशा अर्थाचे काही सांगितले असे म्हणतात. ते कितपत खरे याबद्दल तेव्हापासूनच वाद आहे. परिणाम मात्र खरा. डिसेंबरात कियोतो आणि ओसाका येथील फ्रान्सिस्कन मठांना पहारे बसले.

पकडलेले चोवीस. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, बाकीचे जपानी श्रद्धावंत : धर्मशिक्षक, रुग्णालयात काम करणारे, कारागीर. त्यांत तीन लहान मुलगे, लुईस बारा वर्षांचा, अंतोन तेरा वर्षांचा आणि थॉमस चौदा वर्षांचा. फ्रान्सिस्कनांतला एक तरुण फेलिपे मेक्सिकोचा. तो तर धर्मगुरुपदाची दीक्षा घ्यायला घरी चालला होता आणि ‘सान फेलिपे’ फुटल्यामुळे जपानात अडकला होता.

३ जानेवारी १५९७ रोजी कियोतोत सर्वांच्या डाव्या कानाची पाळी कापली. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता; एका अधिकाऱ्याने तो तेवढ्यावर आणला. मग गाड्यांत बसवून कियोतो, ओसाका, साकाई या शहरांतून धिंड काढली. शिक्षा कियोतोतच देता आली असती. पण नागासाकीत ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती होती, त्यांना दहशत बसावी म्हणून नागासाकी ठरले. कियोतोहून नागासाकी सुमारे आठशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून नागपूर होईल एवढे अंतर. भर थंडीत, बर्फात, महिनाभर हा प्रवास चालला, त्यातला बराच पायी. वाटेत आणखी दोघे त्यांत सामील केले गेले. एक कियोतोचा सुतार फ्रान्सिस, जो या कैद्यांना सोडायलाच तयार नव्हता आणि मागेमागे चालत राहिला; दुसरा पीटर, ज्याला येशूसंघीयांनी कैद्यांची काळजी घेण्यासाठी पाठवले होते. पहारेकऱ्यांनी शेवटी त्यांनाही धरले. असे सव्वीस झाले : वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक वसईकर.

या वाटेवर भांडण संपले होते. तिथे कोण कोणत्या संघाचा हे विचारायला कोणी उरले नव्हते. ज्यांच्या दारात गोन्सालो आठ वर्षे थांबले, त्या संघाचे तिघे त्यांच्याच सोबतीने, तसेच कापलेल्या कानाने चालत होते.

५ फेब्रुवारी १५९७, बुधवार. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने मांडून ठेवले होते. आपल्याकडच्या चित्रांत खिळे ठोकलेले दाखवतात. तिथे हातापायांना आणि गळ्याला लोखंडी कड्या अडकवून बांधत आणि मग दोन बाजूंनी भाले मारत. समोरून पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे की आपल्या क्रूसापाशी सर्वांत आधी पोहोचले ते ब्रदर गोन्सालो. कोणता आपला हे त्यांनी विचारून घेतले आणि त्याच्यापाशी गुडघे टेकून त्याला मिठी मारली. बारा वर्षांच्या लुईसला अधिकाऱ्याने धर्म सोडलास तर सोडून देतो असे सुचवले होते, ते त्याने मानले नाही. पॉल मिकींनी क्रूसावरून लोकांना उपदेश केला आणि मारणाऱ्यांना क्षमा केली. गोन्सालोंचे वय तेव्हा चाळीसच्या आसपास होते. त्यांपैकी सुमारे पंचवीस वर्षे ते घरापासून दूर होते.

वसईत याच्या चारच वर्षांनी, १६०१ साली, कथीड्रल मोठे करून बांधले गेले. १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी या हुतात्म्यांना धन्य घोषित केले. वसई तेव्हा भरात होती. पण ते वैभव पुढे शंभर-सव्वाशे वर्षेच टिकले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. ‘दों’ लावणारे गोव्याला निघून गेले. वाड्यांची, मठांची छपरे कोसळली, मंडपेश्वरचा मठही ओस पडला. गेले नाहीत ते इथले ख्रिस्ती. शेते, वाड्या आणि होड्या सोडून जाणार कुठे? गोन्सालोंच्या आईच्या बाजूचे म्हणा हवे तर. आपण बहुतेक त्यांचेच वंशज.

रोममध्ये ८ जून १८६२ रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संतपद दिले. हिंदुस्थानात जन्मलेल्यांपैकी संतपदाला पोहोचलेले गोन्सालो पहिले. त्यानंतर तीनच वर्षांत एक विलक्षण गोष्ट घडली. नागासाकीत फ्रेंच धर्मगुरूंनी ओऊरा येथे या सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने चर्च बांधले होते. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी येऊन तेव्हा अडीचशे वर्षे झाली होती आणि तिथे कोणी ख्रिस्ती उरला असेल असे कोणाला वाटत नव्हते. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही शेतकरी, स्त्रियापुरुष, त्या चर्चच्या दाराशी आले. आत येऊन त्यांनी फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितले की आपलीही श्रद्धा तीच आहे, आणि पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. धर्मगुरूंशिवाय, मिस्साशिवाय, सात-आठ पिढ्या त्यांनी घरातल्या घरात प्रार्थना आणि स्नानसंस्कार चालू ठेवला होता.

निशिझाका टेकडीवर १९६२ साली, संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा, स्मारक उभारण्यात आले. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेल्या सव्वीस मूर्ती एका ओळीत उभ्या आहेत. त्यांत ब्रदर गोन्सालो आहेत, आणि तीन मुलगेही, बाकीच्यांपेक्षा उंचीने लहान.

वसईला खरे कथीड्रल मिळायला १९९८ साल उजाडले. त्या वर्षी मुंबईच्या आर्चडायोसिझमधून वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, पहिले बिशप थॉमस डाबरे झाले आणि पापडीचे कृपामातेचे मंदिर कथीड्रल बनले. गास गावचे चर्च आणि वसईचे कॉलेज संत गोन्सालोंच्या नावाचे आहे. आणि किल्ल्यात, जिथे येशूसंघीयांचे विद्यालय होते आणि जिथे तो मुलगा शिकला, तिथले येशूच्या पवित्र नावाचे जुने मंदिर लोक आता गोन्सालो गार्सिया चर्च म्हणूनच ओळखतात. वर्षातून एकदा त्या भिंतींच्या आत त्यांचा सण होतो, आणि मिस्सा मराठीत होते.